‘स्लँग’ आणि दुभंगलेला श्रोतृवर्ग : आत्मनिष्ठेच्या निकषाची एक परीक्षा

१

इंग्लंडमधील शेफील्ड शहरात १९७७ साली स्थापन झालेल्या डेफ लेपर्ड या रॉक बँडची ‘स्लँग’ ही ध्वनिमुद्रिका मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर हा बँड सुरावटप्रधान, म्हणजे ज्याला मेलोडिक रॉक म्हणतात त्या प्रकाराचा जणू आदर्श नमुना ठरला होता. ‘पायरोमेनिया’ (१९८३) आणि ‘हिस्टेरिया’ (१९८७) या दोन ध्वनिमुद्रिकांच्या प्रत्येकी एक कोटीहून अधिक प्रती एकट्या अमेरिकेत गेल्या. ‘स्लँग’ला तेथे सुवर्णमुद्रेवर, म्हणजे पाच लाख प्रतींच्या पायरीवर, समाधान मानावे लागले. हा आकड्यांचा फरक बोलका असला, तरी प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. ‘स्लँग’ने बँडच्या निष्ठावंत श्रोतृवर्गात जो दुभंग निर्माण केला, त्या दुभंगाचे स्वरूप तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

या वादातील दोन पक्ष सर्वपरिचित आहेत. पहिल्या पक्षाच्या मते बँडने स्वतःची शैली सोडून काळाच्या फॅशनची नक्कल केली. ‘स्लँग’ ही आपल्या श्रोत्यांशी आणि स्वतःशीही केलेली प्रतारणा होय. दुसऱ्या पक्षाच्या मते ऐंशीच्या दशकातील चकचकीत शैली हाच मुखवटा होता; ‘स्लँग’मध्ये तो प्रथमच गळून पडला आणि माणसांचा खरा आवाज ऐकू आला. हे पक्ष परस्परविरोधी दिसतात. परंतु त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. कलावंताची एक ‘खरी’ शैली असते आणि इतर शैली हे तिच्यावरचे आवरण असते, हे दोघांनाही मान्य आहे. मतभेद आहे तो खरी कोणती, एवढ्यापुरता.

साहित्याच्या अभ्यासकाला हे गृहीतक अपरिचित नाही. मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) मध्ये आत्मनिष्ठेचा विचार मांडल्यापासून मराठी समीक्षेत हा शब्द वारंवार वापरला गेला आहे. पुष्कळदा तो मर्ढेकरांच्या विवेचनापासून सुटून, ‘लेखक प्रामाणिक आहे’ अशा ढोबळ अर्थानेही वापरला गेला. प्रस्थापित कवी आपली रीत बदलतो तेव्हा वाचक याच ढोबळ अर्थाचा आधार घेतात. तो कितपत टिकतो, हे लोकप्रिय संगीताच्या क्षेत्रात पाहण्याची एक विशेष सोय आहे. येथे शैली ध्वनिमुद्रणाच्या ठोस कृतींतून घडते आणि त्या कृतींचे वर्णन करता येते. कवीच्या ‘अंतःकरणा’बद्दल बोलताना जे निसटते, ते येथे काही अंशी हाती लागते.

२

‘हिस्टेरिया’ची शैली कशी घडली, हे प्रथम पाहिले पाहिजे. तिचा निर्माता रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग होता. गिटारवरील एकेक संघात सलग न वाजवता काही ठिकाणी त्यातील स्वर वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून मग एकत्र आणले गेले. पार्श्वगायनात आवाजांचे थरावर थर चढवले गेले. ड्रमचे नाद नमुने म्हणून संगणकीय यंत्रात साठवून त्यांतून ताल रचला गेला. कडवे, ध्रुवपदाकडे चढत जाणारा दुवा आणि अखेर उसळून येणारे ध्रुवपद हा घाट जवळजवळ प्रत्येक गीतात पाळला गेला. या एका ध्वनिमुद्रिकेतून सात गीते स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली, यावरून प्रत्येक गीत किती कसोशीने घडवले होते याची कल्पना येते.

या प्रक्रियेचा परिणाम असा, की ध्रुवपदातील आवाज कोणा एका गायकाचा राहत नाही. तो कोणत्याही एका कंठातून निघू शकणार नाही अशी सामूहिक वाणी बनतो. शब्दांचा अर्थही येथे दुय्यम ठरतो. त्यांची निवड नादासाठी आणि उच्चाराच्या ठसक्यासाठी झालेली दिसते. ज्याला आपण अभिव्यक्ती म्हणतो, ती या शैलीत जाणीवपूर्वक बाजूला सारलेली आहे. मात्र त्यामुळे ती भावशून्य ठरत नाही. वाणी कोणाचीच नसल्यामुळे ऐकणारा प्रत्येक जण तीत आपला आवाज मिसळू शकतो. हजारोंच्या मैदानात ती गीते सर्वांनी मिळून गावीत, ही शक्यता रचनेतच अंतर्भूत आहे.

हान्स रॉबर्ट याउस याच्या ‘अपेक्षांचे क्षितिज’ या संकल्पनेची येथे मदत होते. याउसने ती वाङ्मयेतिहासाच्या संदर्भात मांडली: नवी कृती वाचकाच्या पूर्वानुभवातून तयार झालेल्या अपेक्षांच्या पार्श्वभूमीवर ग्रहण केली जाते आणि त्या अपेक्षांपासूनचे तिचे अंतर मूल्यमापनात महत्त्वाचे ठरते. डेफ लेपर्डच्या बाबतीत हे क्षितिज केवळ सुरावटीचे नव्हते. गीतात आपल्याला एक जागा राखून ठेवलेली असेल, ही श्रोत्यांची खरी अपेक्षा होती.

३

‘स्लँग’ने नेमकी ही जागा आक्रसून टाकली. तिच्या आगेमागे घडलेल्या घटना सर्वज्ञात आहेत. बँडचा गिटारवादक स्टीव्ह क्लार्क जानेवारी १९९१ मध्ये मरण पावला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये निर्व्हाना या बँडची ‘नेव्हरमाइंड’ प्रसिद्ध झाली आणि अमेरिकी रॉकची अभिरुची झपाट्याने पालटली. १९९२ ची ‘अॅड्रेनलाइझ’ अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचली, तरी तिच्यातील झगमगाट अल्पावधीतच जुना वाटू लागला. क्लार्कच्या जागी व्हिव्हियन कॅम्पबेल आला. १९९५ मध्ये निवडक गीतांचा ‘व्हॉल्ट’ हा संग्रह काढून बँडने जणू आपल्या एका कालखंडाचा हिशेब मिटवला. स्पेनमध्ये मार्बेया परिसरातील एका घरात मुक्काम करून, लँगच्या सहभागाविना, ‘स्लँग’चे ध्वनिमुद्रण झाले.

ही ध्वनिमुद्रिका ऐकताना जाणवणारा पहिला फरक मोकळ्या जागेचा आहे. थर कमी झाले आहेत. वाद्यांच्या मधली पोकळी ऐकू येते. जो एलियट याचा आवाज उंच पट्टीवरून खाली उतरला आहे. काही गीतांत ध्रुवपद उसळून येण्याऐवजी कडव्यातच विरते. भूतकाळ, पश्चात्ताप, विटलेले प्रेम हे विषय आता नादाच्या आड लपत नाहीत. श्रोता येथे सहगायक राहत नाही. दुसऱ्याचे बोलणे ऐकणारा होतो. पहिल्या पक्षाच्या रोषाचे मूळ या स्थानबदलात आहे, असे मला वाटते. ‘सूर हरवले’ अशी तक्रार करणाऱ्या श्रोत्याला बहुधा आपले स्थान हरवल्याचे दुःख असते. ते दुःख खरे आहे, आणि ‘अभिरुचीचा अभाव’ म्हणून त्याची बोळवण करणे अन्यायाचे होईल.

४

दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद नैसर्गिक आणि कृत्रिम या द्वंद्वावर उभा आहे. पूर्वीची यंत्रे गेली, माणसे उरली. म्हणून ‘स्लँग’ अधिक खरी. हे द्वंद्व बँडच्या ड्रमसंचापाशी येऊन कोलमडते.

ड्रमवादक रिक अॅलन याने ३१ डिसेंबर १९८४ रोजी झालेल्या मोटार अपघातात डावा हात गमावला. ‘हिस्टेरिया’चे काम तेव्हा सुरू होते. त्याच्यासाठी इलेक्ट्रॉनिक ड्रमसंचाची खास जुळणी करण्यात आली. डाव्या हाताने करावयाचे आघात डाव्या पायाखालच्या पेडलांनी करण्याचे तंत्र त्याने आत्मसात केले आणि १९८६ मध्ये तो रंगमंचावर परतला. श्रोत्याला जो नाद यांत्रिक वाटला, त्यामागे एका शरीराने स्वतःला नव्याने घडवण्याची कथा आहे. ‘स्लँग’मध्ये प्रत्यक्ष ढोलांचा, खोलीच्या प्रतिध्वनीसह येणारा नाद पुन्हा पुढे आला आणि तो ‘नैसर्गिक’ म्हणून वाखाणला गेला. पण वाजवणारा तोच होता आणि हरवलेल्या हाताचे काम पायाकडेच होते. मग यांतील नैसर्गिक नाद कोणता मानायचा? ज्यात शरीराने यंत्राला आपला अवयव केले तो, की ज्यात ते यंत्र ऐकू येऊ नये अशी व्यवस्था केली तो? दोन्ही नाद घडवलेलेच आहेत. एकात घडण दिसते, दुसऱ्यात ती झाकली जाते, इतकेच म्हणता येईल.

क्लार्कच्या मृत्यूबाबतही असेच आहे. बँडला आपले दुःख ‘स्लँग’मध्येच बोलता आले, असे मानण्याकडे कल असतो. वस्तुतः ‘अॅड्रेनलाइझ’मधील ‘व्हाइट लायटनिंग’ हे दीर्घ गीत क्लार्कला उद्देशूनच आहे, आणि ते पूर्णपणे जुन्या, थरांच्या शैलीत बांधलेले आहे. शोक व्यक्त करण्यासाठी ती शैली अपुरी पडली असे ते गीत ऐकून म्हणता येत नाही. मित्राच्या मृत्यूचा शोक अनेक कंठांनी मिळून करण्यात काही अप्रामाणिक नाही. जगातील बहुतेक शोकविधी सामूहिकच असतात. अनलंकृत बोलणे म्हणजे खरे बोलणे हे समीकरण नव्वदच्या दशकातील रॉकने रूढ केले, आणि रूढ झाल्याबरोबर तोही एक संकेत झाला.

शिवाय ‘स्लँग’ सर्वस्वी अनलंकृत आहे असेही नाही. ‘टर्न टू डस्ट’ या गीतात भारतीय वाद्यांचा साज आहे. त्यात सारंगीही आहे. भारतीय श्रोत्याच्या कानात सारंगी गळ्याची सोबतीण म्हणून वसलेली असते; गायकाच्या हरकतींच्या मागोमाग जाणारा तिचा स्वर परिचयाचा असतो. येथे मात्र ती दूरत्वाचे आणि उदासीनतेचे चिन्ह म्हणून आली आहे. परिणाम वाईट नाही. परंतु जुने अलंकार उतरवताना नवे चढवले गेले, हे नोंदवणे आवश्यक आहे.

५

याचा अर्थ ‘स्लँग’चे मूल्यमापनच होऊ शकत नाही, असा नव्हे. प्रामाणिकपणाचा प्रश्न बाजूला ठेवला की कृतीच्या अंतर्गत रचनेचा प्रश्न स्पष्ट होतो. आरंभीच्या ‘ट्रूथ?’ या गीतात विकृत केलेला आवाज आणि करकरीत ताल आहे. तो त्या दशकाचा तयार मुहावरा आहे. बँडने एका साच्यातून निघून दुसऱ्या साच्यात प्रवेश केल्यासारखे येथे वाटते. उलट ‘ब्रीद अ साय’ मध्ये आवाजांचे थर रचण्याची जुनी कला टिकून आहे, फक्त तिच्याभोवतीची जागा रिकामी केली आहे. पूर्वी भिंतीसारखे उभे राहणारे आवाज येथे एकमेकांना चाचपडत येतात. जुन्या संकेताची स्मृती नव्या रचनेत अर्थपूर्ण होण्याचे हे उदाहरण आहे, आणि ती स्मृती असलेल्या श्रोत्यालाच ते पुरते कळते. दुभंगलेल्या श्रोतृवर्गातील दोन्ही पक्षांना जे गीत सर्वाधिक जवळचे वाटायला हवे होते, ते माझ्या मते हेच आहे.

‘ट्रूथ?’ या शीर्षकातील प्रश्नचिन्हाकडेही लक्ष द्यायला हवे. श्रोते सत्य आणि मुखवटा यांविषयी वाद घालत असताना, बँडने पहिल्याच गीताच्या नावात सत्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवले होते. ते हेतुपूर्वक होते की सहज, याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. कृतीत ते आहे, एवढे पुरेसे आहे.

६

१९९९ मध्ये ‘युफोरिया’ आली. जुने थर, जुना घाट परतले. ‘प्रॉमिसेस’ या गीताच्या लेखनात लँगचाही सहभाग होता. पहिला पक्ष सुखावला, दुसऱ्याने ही माघार मानली. पण ‘स्लँग’च्या अखेरच्या गीताचे नाव ‘पर्ल ऑफ युफोरिया’ आहे, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. त्या संथ, काळोख्या गीताच्या नावातला शब्द पुढच्या उजळ ध्वनिमुद्रिकेचे शीर्षक झाला. परतीनंतरचा ‘उल्हास’ हा १९८७ चा उल्हास राहू शकत नाही. ज्याने मधले गीत ऐकले आहे, त्याला या शब्दामागे त्याची सावली ऐकू येते. शैली परत आणता येते, तिच्या पूर्वीची अजाणता परत आणता येत नाही.

आत्मनिष्ठेचा निकष यामुळे निरुपयोगी ठरतो, असे मी म्हणत नाही. तो कलावंताच्या ‘खऱ्या’ स्वत्वाकडे वळवला की समीक्षकाला मनोविश्लेषक किंवा न्यायाधीश व्हावे लागते आणि दोन्ही भूमिकांत त्याच्यापाशी पुरावा नसतो. तोच निकष कृतीकडे वळवला तर तो एक नेमका प्रश्न विचारतो: या रचनेने स्वीकारलेल्या संकेताला ती शेवटपर्यंत जागते काय? या कसोटीवर ‘हिस्टेरिया’ उत्तीर्ण होते, ‘व्हाइट लायटनिंग’ उत्तीर्ण होते, आणि ‘स्लँग’ काही गीतांत उत्तीर्ण होते, काहींत अडखळते. दोन्ही पक्षांना हा निर्णय कोमट वाटेल. परंतु आपल्या वाङ्मयीन वादांतही कवीने रीत बदलली की ‘ढळला’ आणि ‘सापडला’ हे दोनच शब्द आपण हाताशी ठेवतो. त्या बदलात वाचकाचे स्थान कोठून कोठे सरकले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्याचे उत्तर कवीच्या चरित्रात सापडणार नाही. ते कवितेच्या रचनेत शोधावे लागेल, आणि रीत बदललेल्या कवीकडे पाठ फिरवणाऱ्या वाचकाच्या तक्रारीतही.