मरळ, रोहू की खडशी: जोर कुणाचा आणि मोजतंय कोण?

मोबाइलवर ‘मरळ’ एवढा एक शब्द टाकून बघा. पुढचा तासभर गेलाच म्हणून समजा. धरणाचं मागचं पाणी, उघडा माळ, वाकलेली काठी, करकरणारं रीळ, आणि मग मासा वर आल्यावर कॅमेऱ्यासमोर धरलेला त्याचा जबडा. मथळ्यात हमखास ‘खतरनाक फाईट’. खाली कमेंटमध्ये ठरलेला वाद: खरा जोर कुणात? मरळमध्ये, रोहूमध्ये, की कटल्यात? मुळा धरण, भंडारदरा, जायकवाडीचा नेवासा-शेवगावकडचा फुगवटा, सगळीकडचे गळकरी या वादात आपापल्या माशाच्या बाजूने उतरतात.

वाद मजेचा आहे. पण त्याच्यामागे दीडशे वर्षांचं लेखन आहे आणि त्या लेखनाच्या खोडी आजच्या व्हिडिओंत जशाच्या तशा उतरल्या आहेत. म्हणून त्याच्याकडे जरा समीक्षेच्या नजरेनं बघू.

१८७३ साली मद्रासकडचा एक सनदी अधिकारी, हेन्री सलिव्हन थॉमस, यानं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक काढलं. गळाच्या शिकारीवरचं हे आपल्याकडचं एक मूळ पुस्तक मानलं जातं. त्यात महसीरची तुलना विलायतेतल्या सॅमनशी आहे आणि कौल महसीरच्या बाजूनं आहे. माहितीच्या दृष्टीनं पुस्तक भरगच्च आहे. पण तुलना कुणासाठी चाललीय ते पाहा. वाचक आहे घरापासून हजारो मैल दूर पडलेला साहेब. त्याला पटवायचं आहे की बाबा रे, इथंही खेळ आहे, तिकडच्याहून सरस आहे. मोजपट्टी स्कॉटलंडची आणि मासा दख्खनचा. महसीर जिंकला तरी शर्यत सॅमनच्याच मैदानावर झाली.

जिम कॉर्बेट याच परंपरेतला, पण लेखक म्हणून फार वरचा. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ (१९४४) मध्ये वाघांच्या गर्दीत महसीरवरचं एक प्रकरण आहे. ते आजही ताजं वाटतं, कारण कॉर्बेटला क्रमवारी लावायची नाही. डोंगराच्या पायथ्याची नदी, आजूबाजूचं रान, दिवसाचा उजेड, हे सगळं त्याला माशाइतकंच महत्त्वाचं आहे. मासा काढून घेतला तरी त्या प्रकरणात पुष्कळ उरतं. ‘खतरनाक फाईट’मधून मासा काढला तर काय उरेल? रिळाचा आवाज, बस.

या दोघांच्याही आधी एक इंग्रज पुण्याजवळ मासे बघत होता. कर्नल विल्यम हेन्री साइक्स. दख्खनच्या माशांचं वर्णन करताना त्यानं त्यांची मराठी नावंच शास्त्रीय नावांत बसवली. कोलुस, फुलंगी, शिंगटी, सांडखोल. आपण ज्याला खडशी किंवा खडची म्हणतो, त्या दख्खनी महसीरला त्यानं १८३९ मध्ये ‘खुद्री’ हे नाव दिलं. आज जगभर तो मासा ‘टोर खुद्री’ म्हणूनच ओळखला जातो. साइक्सचा मासा पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतला. (राहुरीजवळ धरण आहे ती मुळा वेगळी. ती प्रवरेला मिळते. नगरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पुण्याच्या माणसाला लागतं.) साइक्सला या माशांची ताकद आजमावायची नव्हती, ओळख पटवायची होती. माशाला स्थानिक नावानं हाक मारणं ही मला कुठल्याही झुंजीच्या वर्णनाहून मोठी दाद वाटते.

आता नगरच्या पाण्याकडे. आपण ज्यांच्या जोराची तुलना करतो त्यातले बरेचसे मासे इथले नाहीतच. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण घडवून आणली, आणि पुढे हुकमी बीज मिळू लागलं. धरणंच्या धरणं या माशांनी भरली ती त्यामुळे. चिलापी तर आफ्रिकेतली. ती भारतात आली १९५२ मध्ये. म्हणजे सव्वीस टीएमसीच्या मुळा धरणात आज जी ‘फाईट’ रंगते, तिच्यातले पाणी आणि पैलवान दोन्ही माणसानं आणून ठेवलेले.

तरीही जोरात फरक असतो, हे खरंच. मरळ दबा धरून झडप घालणारा मासा. त्याचं पांढरं स्नायू स्फोटासाठी असतं: गळ लागला की पाणी फुटतं, उडी येते, मासा पाणवनस्पतींत घुसतो, आणि अर्ध्याएक मिनिटात दम संपतो. रीलसाठी यापेक्षा सोयीचा मासा नाही. रोहूचं उलट. उडी नाही, नाटक नाही. काठाशी आणला की पुन्हा आत धाव, पुन्हा आणला की पुन्हा धाव. व्हिडिओत तो कंटाळवाणा दिसतो आणि मनगटाला मात्र दुसऱ्या दिवशीही आठवतो. कटला वजनाला भारी, पण त्याच्या भल्यामोठ्या डोक्याचा आणि पाण्यातलं बारीक अन्न गाळून खाण्याच्या सवयीचा शर्यतीशी संबंध नाही. आपण ज्याला त्याचा जोर म्हणतो ते बऱ्याचदा नुसतं वजन असतं. चिलापी चपटी. ती पाण्यात आडवी होते, पाणी तिच्या बाजूनं लढतं, आणि पावशेराचा मासा अर्ध्या किलोचा भासतो. वाम तर पळतच नाही. ती मागे सरकते, दोऱ्याला पीळ घालते, दगडाच्या फटीत अंग घट्ट बसवते. तिला ‘फाईट’च्या तक्त्यात कुठं बसवणार? खडशी वाहत्या पाण्यातली. प्रवाहात टिकायला घडलेलं लांबट अंग, रुंद शेपटी, आणि पहिली धाव अशी की रीळ थांबवता येत नाही.

माझं मत विचारलंत तर सारख्या वजनाला खडशी पहिली, रोहू दुसरा, मरळ तिसरा. पण हे मत फार काळ टिकत नाही, कारण दुसरा प्रश्न लगेच येतो: काठी कुठली होती?

बांबूच्या काठीला जाड तंगूस बांधून बसलेला माणूस मासा लागला की सरळ उचलतो. दहा सेकंदांत मासा काठावर. झुंज नाहीच. तोच मासा बारीक दोऱ्यावर, सैल सोडलेल्या रिळावर दहा मिनिटं ‘लढतो’. मे महिन्यात पाणी तापलेलं, त्यात विरघळलेला प्राणवायू कमी, तेव्हाचा रोहू आणि डिसेंबरचा रोहू हे तर दोन वेगळे मासेच समजा. म्हणजे झुंज ही माशात जितकी असते तितकीच गळकऱ्याच्या साहित्यात असते, आणि ती किती लांबवायची हे बरंचसं तोच ठरवतो. आंतरराष्ट्रीय विक्रमांत वजन आणि दोऱ्याची ताकद नोंदवतात. जोराचा रकाना तिथंही नाही. शिवाय माशाच्या बाजूनं पाहिलं तर लांबलेली झुंज म्हणजे स्नायूंत साठत जाणारं लॅक्टिक आम्ल. थकून सोडलेला मासा पोहत गेला म्हणजे जगला असं नव्हे, विशेषतः तापलेल्या पाण्यात.

‘फाईट’ या शब्दावर माझा राग आहे तो यासाठी. तो शब्द माशाला आव्हान स्वीकारलेला प्रतिस्पर्धी बनवतो. काठावरच्या मराठीत ‘ओढ’ आहे, ‘झटका’ आहे, ‘दम’ आहे. ‘चांगली ओढ होती’ म्हणताना हातानं काय अनुभवलं तेवढंच सांगितलं जातं. माशाच्या मनातलं कुणी सांगत नाही. जाळं टाकून पोट भरणाऱ्या भोई माणसाला तर जास्त जोर म्हणजे फाटलेलं जाळं. त्याच्या यादीत मरळ वर असतो तो भावामुळे.

हा नुसता शब्दांचा कीस वाटत असेल तर कावेरीकडे बघा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीजकंपनीनं १९७० च्या दशकात महसीरचं प्रजनन केंद्र उभारलं. धरणांमुळे अडचणीत आलेल्या माशाला वाचवण्याचं ते चांगलं काम होतं. पण तिथली खुद्री पुढे कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. त्या नदीत तिचा स्वतःचा महसीर होता: पाठीला कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. त्याला पकडण्यासाठी देशोदेशीचे शौकीन येत. गळाच्या छावण्यांनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा चित्र स्पष्ट होतं. निळसर पंखांची पाहुणी वाढत गेली आणि कुबडवाला जवळजवळ नाहीसा झाला. वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणंही होतीच. २०१८ मध्ये त्या माशाचं शास्त्रीय नाव अखेर निश्चित झालं, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. दीडशे वर्षं ज्याच्या झुंजीचे गोडवे गायले गेले, त्याचं नाव पक्कं करायला कुणाला सवड झाली नव्हती.

म्हणून व्हिडिओ बघताना माझी निवड आता बदललीय. काठी किती वाकली यापेक्षा माणूस काय बोलतो ते मी ऐकतो. एखादा सांगतो की पाणी उतरल्यावर इथं जुन्या गावाची वाट दिसते आणि तिच्या कडेला वाम असते. एखादा हातात आलेल्या बारक्या माशाचं नाव विचारतो आणि खाली कमेंटमध्ये तीन तालुक्यांतून तीन नावं येतात. असे व्हिडिओ कमी बघितले जातात. ते मी सेव्ह करून ठेवतो.