नकाशावरचा ठिपका आणि कागदातले गाव

गेटिसबर्गच्या लढाईत, जुलै १८६३ मध्ये, दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याला समोरचे रण कितपत दिसत होते, यावर अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. भूगोलाच्या अभ्यासक अ‍ॅन केली नोल्स यांनी तो वाद जीआयएसवर, म्हणजे संगणकावरच्या भौगोलिक माहिती प्रणालीवर, तपासून पाहिला. आजची, उपग्रहावरून मोजलेली उंची त्यांनी घेतली नाही. लढाईनंतर थोड्याच वर्षांत झालेल्या मोजणीवर बेतलेला १८७४ सालचा नकाशा घेतला, त्यावरच्या समोच्चरेषा एकेक करून उतरवून काढल्या आणि ली जिथून पाहणी करत होता असे मानतात, तिथून काय नजरेच्या टप्प्यात येते ते काढले. उत्तरेच्या फौजेचा बराच भाग उंचवट्यांआड दडलेला निघाला. २००८ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. इतिहास-साहित्याच्या संशोधनातल्या डिजिटल नकाशांचा विषय निघाला, की मला आधी तोच आठवतो. त्यात प्रश्न आधी होता. नकाशा त्या प्रश्नासाठी आला.

आज या क्षेत्रात जे काम होते, त्यातल्या फार मोठ्या भागाबद्दल असे म्हणता येत नाही. क्यूजीआयएससारखी फुकट आणि सक्षम प्रणाली कुणालाही उतरवून घेता येते. गावांच्या नावांची यादी टाकली, की दोन मिनिटांत ठिपके उमटतात. ठिपके दिसायला इतके देखणे असतात, की ते काय सांगतात हे विचारायचे राहूनच जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ‘मॅपिंग द रिपब्लिक ऑफ लेटर्स’ या प्रकल्पाने व्होल्तेर, लॉक, फ्रँकलिन यांचा पत्रव्यवहार नकाशावर आणला. युरोपभर पसरलेले ते रेषांचे जाळे जगभर गाजले. पण त्यात दिसतात ती टिकलेली, छापली गेलेली, तारीख आणि ठिकाण ठाऊक असलेली पत्रे. जळालेल्या, फाडलेल्या, अजून रुमालात पडून असलेल्या पत्रांची रेषा उमटत नाही, आणि पाहणाऱ्याला ती कोरी जागा म्हणजे संबंधच नव्हता असे वाटते. प्रकल्पातल्या अभ्यासकांना हे पक्के ठाऊक होते. नुसते चित्र उचलून पुढे पाठवणाऱ्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही.

त्याच विद्यापीठातून २०१२ साली आलेले ‘ऑर्बिस’ मला या साऱ्या कामात सर्वांत मोलाचे वाटते. वॉल्टर शायडेल आणि एलाइजा मीक्स यांनी रोमन साम्राज्यातले रस्ते, नद्या आणि सागरी मार्ग एकत्र गुंफले, आणि अंतर मैलांत न मोजता दिवसांत आणि खर्चात मोजले. ऋतू बदला, की उत्तर बदलते. धान्य गाडीने न्यायचे की गलबताने, यावरही ते बदलते. समुद्रापलीकडचे बंदर व्यापाऱ्याला डोंगरापलीकडच्या गावाहून जवळचे कसे होते, ते इथे आकड्यांत समजते.

असे काम मराठी मुलखासाठी का नाही? आपला सगळा इतिहास ऋतूच्या हिशेबाने चाललेला आहे. फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत आणि पावसाळ्याच्या तोंडाला छावणीला परतत. नद्यांना उतार आहे की नाही, वैरण मिळेल की नाही, यावर मजला ठरत. पण रोमचा साचा आणून इथे बसवता येणार नाही. घाटवाटा शोधण्यासाठी हल्ली अभ्यासक उपग्रहीय उंचीवरून कमीत कमी श्रमाची वाट काढतात. ही उंची साधारण तीस मीटरच्या चौकोनांत मिळते. जुन्नर आणि कल्याण यांना जोडणारा नाणेघाट म्हणजे कड्यातली एक अरुंद चीर. तीस मीटरच्या चौकोनात तिची सरासरी आजूबाजूच्या कड्याशी मिसळली, की संगणकाला तिथे सरळ भिंत दिसू शकते. सातवाहनांच्या काळापासून बैलांचे तांडे जिथून चढले-उतरले, ती वाट यंत्राच्या हिशेबात अशी बुजून जाते. जकात, पाणी आणि वाटमारीची भीती यांचा तर त्या हिशेबात पत्ताच नसतो. दामोदर कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्या पायांनी तुडवत जुन्या व्यापारी वाटा आणि मातृदेवतांची ठाणी यांचा संबंध लावत होते. ते काम नव्या साधनांनी पुढे न्यायचे असेल, तर पायपीट सुटणार नाही.

खरी अडचण मात्र याहून मुळाशी आहे: आपल्याकडे ऐतिहासिक स्थलनामकोश नाही. प्राचीन भूमध्य जगासाठी ‘प्लीएडीझ’ आहे. त्यात प्रत्येक स्थळाला कायमचा क्रमांक, निरनिराळ्या काळांतली नावे आणि जागा किती खात्रीची याची नोंद असते. चीनसाठी हार्वर्ड आणि फुदान विद्यापीठांनी २००१ पासून दोन हजारांहून अधिक वर्षांतल्या जिल्ह्या-परगण्यांच्या नोंदी उभ्या केल्या. एखादा जिल्हा कधी सुरू झाला आणि कधी मोडला, हे तिथे सापडते. आपल्याकडे जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांचा दक्षिण आशियाचा ऐतिहासिक नकाशासंग्रह (१९७८) आणि इरफान हबीब यांचा मुघल साम्राज्याचा नकाशासंग्रह (१९८२) ही दोन थोर कामे आहेत. ती कागदावरची आहेत आणि मौजे-पातळीपर्यंत उतरण्याचा त्यांचा हेतूच नव्हता.

म्हणून मोडी कागदात ‘मौजे वडगाव’ आले, की संगणक अडतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे अडत नाही. एकट्या पुण्याच्या आसपास वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द आणि १७७९ चा तह झाला ते वडगाव मावळ आहे. कागद लिहिणाऱ्या कारकुनाने पुढे तर्फ आणि प्रांत लिहून घोळ टाळलेला असतो. यंत्राला तर्फ माहीत नाही. ते पहिले सापडेल ते वडगाव घेते. अशा शे-दोनशे चुका एकत्र झाल्या, की त्यांवर काढलेला निष्कर्षही तसाच निघतो. धरणात गेलेल्या गावांची गत आणखी बिकट. कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखालची गावठाणे आजच्या नकाशावर नाहीत, आणि पुनर्वसनानंतर तेच नाव दूरच्या माळावर गेलेले असते.

सीमारेषांच्या बाबतीत तर जीआयएसची भाषाच अपुरी पडते. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांतली चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांना मिळाली. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांचा काही वसूल इकडे आणि उरलेला निजामाकडे जात असे. लोक त्याला दुअमली म्हणत. अशा गावाला नकाशावर भगवा रंग द्यायचा की हिरवा? दोन्ही चूक. तरीही पाठ्यपुस्तकांपासून चकचकीत संकेतस्थळांपर्यंत सगळीकडे अठराव्या शतकाला सपाट रंगांच्या तुकड्यांत बसवले जाते. मला याचा राग येतो, कारण हे चित्र मुलांच्या डोक्यात आयुष्यभर राहते.

अनिश्चितता दाखवता येत नाही असे नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात बार्बारा पियाटी यांच्या साहित्यिक नकाशासंग्रहाने कथा-कादंबऱ्यांतली धूसर ठिकाणे धूसरच रेखली. नेमके सांगता येत नाही तिथे बिंदू न देता पसरट क्षेत्र दिले. आणि आपल्याकडे तर चौदाव्या शतकातली महानुभावांची स्थानपोथी आहे. चक्रधरस्वामी जिथे राहिले, बसले, तिथल्या स्थळांची ही नोंद आहे: देऊळ कोणत्या तोंडाचे, त्याच्या कोणत्या बाजूला कोणते स्थान, गावाच्या कोणत्या दिशेला. अक्षांश-रेखांश नाहीत, तरी एका जागेवरून दुसरी सापडते. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी ‘कनेक्टेड प्लेसेस’ (२००३) मध्ये मराठी मुलखाची भौगोलिक कल्पना अशा ग्रंथांतून आणि यात्रांतून उलगडली. आता या पोथीतली दिशांची भाषाच आपल्या स्थलनामकोशाचा पाया करता येईल.

या कोशासाठी सबंध महाराष्ट्राचा बेत आखू नये; एका जुन्नर तालुक्यापासून सुरुवात करावी. तिथे शिलालेख आहेत, घाट आहेत, मोडी दप्तर आहे. सरकारने २०२१ मध्ये नकाशांच्या वापरावरचे निर्बंध सैल केल्यापासून परवानग्यांची जुनी सबबही राहिलेली नाही. मोडी वाचणारा आणि जीआयएस चालवणारा यांना एका टेबलाशी बसवावे आणि प्रत्येक नोंदीला चार रकाने ठेवावेत: कागदातले नाव जसेच्या तसे, तर्फ-परगणा आणि साल, आजची जागा, आणि ती जागा कशावरून ठरवली. चौथा रकाना कोरा असेल, तर ते गाव यादीत ठेवावे, नकाशावर आणू नये.