फैजींचं पुस्तक आणि धानाची बांधी

मंडळी, आसफ अली असगर फैजी हा आपल्या माथेरानचा माणूस, जन्म १८९९. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४९ मध्ये आलं, आणि वकील ते आजही उघडतात.

कलमा, नमाज, रोजा, जकात, हज हा झाला श्रद्धेचा पाया. कायद्याचे आधार, सुन्नी परंपरेत, चार: कुरआन, सुन्नत, इज्मा म्हणजे विद्वानांचं एकमत, आणि कयास म्हणजे साम्यावरून काढलेला निष्कर्ष. बघा, शेवटच्या दोहोंत माणसाची बुद्धी उघडच आली! म्हणून फैजी पुढे धर्म आणि कायदा वेगळे करा असं मांडतात. मला ते पटतं. पण त्यांची मांडणी फार उंचावर राहते.

इथे मूलमध्ये घरची मोठी मालमत्ता कुठली? धानाची बांधी. १९३७ च्या शरीयत कायद्याच्या कलम २ नं नेमकी शेतजमीन वगळली. कारण धर्माचं नव्हतंच. १९३५ च्या कायद्यानं तिचा वारसा प्रांतांच्या हाती दिला होता. मुलीचा वाटा, मुलाच्या निम्मा का होईना, कुरआनात स्पष्ट आहे. शेताच्या बाबतीत तो प्रांतागणिक कायद्यावर राहिला. आणि एका दमात तीनदा तलाक, जो कुरआनात नाही, तो रद्द व्हायला २२ ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं. शरीयतला हात लावू नका म्हणणाऱ्यांनी कुठली शरीयत, ते आधी सांगावं ना.

फैजी वाचणार असाल तर वारसाहक्कापासून सुरू करा. तलाक नंतर.