तोकिवा-सो: महत्त्व लाकडाचं, खोल्यांचं की भाड्याचं?

जुन्या इमारतीवर प्रपोजल लिहायला बसलात की पहिलं वाक्य आपोआप उमटतं: "सदर वास्तू ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाची आहे." कारण विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं. तिथे अमुक थोर माणूस राहत होता. पण राहत होता म्हणून नेमकं काय झालं? गाईडने एवढं विचारलं की आपली बोलती बंद. हा प्रश्न ज्या उदाहरणावर छान तपासता येतो ते टोकियोतलं आहे. तोशिमा वॉर्डातली तोकिवा-सो ही दोन मजली लाकडी भाड्याची इमारत. तिला जपानी कॉमिक्सची, म्हणजे मांगाची, पंढरीच मानतात.

आधी माहिती. इमारत 1952 च्या अखेरीस बांधली गेली. खोली साडेचार तातामी चटयांची, म्हणजे साधारण पाऊणशे चौरस फूट. भाडं महिना तीन हजार येन. स्वयंपाकघर आणि संडास सामायिक, न्हाणीघर नाहीच. त्यामुळे ओट्याजवळच्या मोरीत बसून अंघोळ केल्याच्या आठवणी सापडतात. (चाळीत वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) 1953 मध्ये तेझुका ओसामू इथे राहायला आले. पुढच्या वर्षी त्यांनी खोली सोडली, ती फुजिमोतो हिरोशी आणि आबिको मोतोओ या दोघा मित्रांना मिळाली. त्यातले फुजिमोतो म्हणजे पुढे 'डोरेमॉन' काढणारे. तेझुकांनी तीस हजार येनांचं डिपॉझिट त्यांच्यासाठी तसंच ठेवलं, टेबलही मागे सोडलं. 1956 मध्ये इशिनोमोरी शोतारो आणि आकात्सुका फुजिओ आले. 1982 मध्ये इमारत पाडली गेली. जुलै 2020 मध्ये जवळच्याच एका बागेत तिची प्रतिकृती संग्रहालय म्हणून उघडली.

आता नेहमीची मांडणी बघा: एका छपराखाली प्रतिभावंत जमले आणि मांगा घडला. वाचायला छान आहे, पण कार्यकारणभाव उलटा आहे. ही मुलं योगायोगाने एका जिन्यावर भेटली नव्हती. 'मांगा शोनेन' नावाच्या मासिकात वाचकांनी पाठवलेल्या चित्रकथांचं पान असे. यातले बहुतेक जण गावाकडून पोस्टाने तिथे चित्रं पाठवत होते आणि एकमेकांना नावाने ओळखत होते. इशिनोमोरी तर शाळेत असतानाच हस्तलिखित अंक काढून पोस्टाने फिरवायचे, आणि आकात्सुका त्या मंडळात होते. तेझुकांची मालिका त्याच मासिकात चालू होती आणि संपादकांचा मुलगा तोकिवा-सोमध्ये राहत होता. म्हणजे जाळं आधी होतं, इमारत नंतर आली.

मग इमारतीने काहीच केलं नाही का? केलं. पण ते समजायला 1955 कडे बघावं लागतं. त्या वर्षी 'मांगा शोनेन' बंद पडलं. ज्या पानाने हे लोक जोडले गेले ते पानच गेलं, तरी माणसं पांगली नाहीत. कारण ती आता भिंतीला भिंत लावून राहत होती. कुणाची डेडलाइन आली की शेजारचा मदतीला बसायचा. तेरादा हिरोओ हे वयाने थोडे मोठे होते, त्यांनी अडलेल्यांना पैसे दिले. चित्रकला सोडायच्या बेतात असलेल्या आकात्सुकांना त्यांनीच सावरलं. 1958 मध्ये शिमोनोसेकीहून मिझुनो हिदेको आल्या आणि त्या, इशिनोमोरी व आकात्सुका अशा तिघांनी एकाच टोपणनावाने चित्रकथा काढल्या. मला विचाराल तर इमारतीचं महत्त्व इथे आहे. मासिक बुडाल्यावरही स्वस्त भाड्याने ते जाळं तगवलं. 'प्रतिभेचं माहेरघर' वगैरेपेक्षा हे विधान रुक्ष आहे, पण ते तपासता येतं.

संग्रहालयाबद्दल माझी तक्रार इथूनच सुरू होते. प्रतिकृती आहे म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. ज्या देशात इसेचं मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, तिथे 'मूळ लाकूड कुठाय?' हा प्रश्न फार लांब जात नाही. 1994 च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणाचा निकष त्या त्या संस्कृतीवर सोडला, तो उगाच नाही. पण इसेत पिढीकडून पिढीकडे सुतारकाम जातं. इथे काय गेलं? भिंतींवर जुनेपणाचे डाग मुद्दाम उमटवले आहेत. तेझुका आले तेव्हा इमारत नवी कोरी होती, आणि 1961 च्या सुमारास इशिनोमोरी बाहेर पडले तेव्हाही ती जेमतेम नऊ-दहा वर्षांची होती. आपल्याला दिसतो तो कळकटपणा बराचसा आठवणींचा आहे. आणि आठवणी कुणाच्या, तर जे यशस्वी झाले त्यांच्या. आबिकोंनी आपल्या तरुणपणावर मोठी चित्रमालिका काढली, इमारत पडण्याच्या आदल्या वर्षी एनएचकेने माहितीपट केला. मोरियासू नाओया याच घोळक्यातले, पण त्यांचं तिथे फारसं बस्तान बसलं नाही. खुद्द तेरादांनी पुढे चित्रं काढणं थांबवलं. साधनांचा हा कल लक्षात न घेता लिहिलात तर तुमचा प्रबंध म्हणजे त्याच आठवणींना जोडलेल्या तळटीपा होतील.

आणखी एक गोष्ट. संग्रहालयात वरच्या मजल्यावरच्या खोल्या, स्वयंपाकघर, संडास सगळं बारकाईने उभं केलंय. तळमजल्यावर प्रदर्शनाची दालनं आणि वाचायची जागा आहे. म्हणजे चित्रकार वर राहत होते म्हणून वरचा मजला इतिहास झाला, आणि खालचे भाडेकरू दालनाच्या जागेत विरघळले. मला हे खटकतं. तीन हजार येनात शेजार परवडणारी माणसं कोण होती, हे कळल्याशिवाय त्या भाड्याचा अर्थ लागत नाही. रात्रभर दिवा जाळणाऱ्या पोरांना घरमालकाने आणि शेजाऱ्यांनी का चालवून घेतलं, हाही संशोधनाचाच प्रश्न आहे.

गिरगावातल्या चाळींवर काम करायचं म्हणणारे तुमच्यात काहीजण असतील. केशवजी नाईक चाळीवर लिहायला घेतलंत की 1893 चा गणेशोत्सव आणि लोकमान्य टिळक आपोआप येतील, यायलाच हवेत. पण पहिल्या आठवड्यात भाडेपावत्या शोधा, आणि नळावरच्या रांगेबद्दल कुणी बोलतंय का ते बघा. टिळकांवरचं प्रकरण नंतर लिहिता येईल.