एक्स-गुणसूत्राची रचना आणि जनुकांचे नियमन : एक परामर्श

सिनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीच्या उभयलिंगी जीवात एक्स-गुणसूत्रे दोन असतात, नरात एकच. ही विषमता निवारण्यासाठी उभयलिंगी जीवात कॉन्डेन्सिनशी सजातीय असे एक प्रथिनसंकुल दोन्ही एक्स-गुणसूत्रांना चिकटते व प्रत्येकाचे जनुककार्य सुमारे निम्म्यावर आणते. बार्बरा मेयर, योब डेकर व सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखविले, की हे संकुल एक्स-गुणसूत्रावर सीमाबद्ध विभाग पाडते. हे विभागच नियमनाचे कारण होत, असे अनुमान त्यावरून सहज निघते. परंतु साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. २०१९ साली मेयर यांच्याच गटाने सीमांवरील आठ बंधनस्थाने वगळून पाहिली. विभाग लोपले, कृमींचे आयुर्मान घटले. नियमन मात्र अबाधित राहिले. स्वतःच्या निष्कर्षाची अशी कठोर परीक्षा, हाच या संशोधनाचा खरा गुण होय. कारणाचा शोध आता अन्यत्र, उदाहरणार्थ डीपीवाय-२१ हे प्रथिन हिस्टोनवरील एक मिथिल-गट काढते त्या क्रियेत, घेणे प्राप्त आहे.

धर्माबाद परिसरातील अभ्यासकास मिरचीच्या मुळांवर गाठी आणणारा सूत्रकृमी अधिक जवळचा. पण त्या वर्गातील मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा नरावाचून प्रजनन करतो. एलेगन्सवरील निष्कर्ष त्यास जसाच्या तसा लावणे सयुक्तिक ठरणार नाही.