उलटी बाजू नसलेला अंगरखा

पैठणी पारखताना जाणती बाई आधी पदर उलटून पाहते. मागे धाग्यांची गर्दी नसेल आणि मोर दोन्हीकडून सारखाच देखणा असेल, तरच ती पुढे भावाचं बोलते. वॉशिंग्टनमधल्या डम्बार्टन ओक्स संग्रहालयात एक इंका अंगरखा आहे, त्यालाही बेलाशक हीच कसोटी लावावी. त्याला सुलट-उलट नाहीच. कारणही पैठणीचंच: एका रंगाचा आडवा धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंतवायचा आणि तिथूनच मागे फिरवायचा. येवल्याची आणि अँडीजची कधी गाठ पडली नाही, पण दोघींच्या बोटांना एकच युक्ती सुचली.

हा अंगरखा, क्वेचुआ भाषेत ‘उंकू’, साधारण 1450 ते 1540 या काळातला. लांबी जेमतेम 90 सेंटिमीटर, रुंदी 77 च्या आसपास. बाह्या नाहीत, शिवणकाम जवळजवळ नाही. एकच लांब पट खांद्यावर दुमडलेला आणि बाजूंनी जोडलेला. कापड कापण्याची रीतच तिथे नव्हती. जेवढं हवं तेवढंच मागावर विणून उतरवायचं. या एवढ्याशा पटावर पुढून-मागून मिळून 300 हून अधिक चौकोन आहेत. त्यांना ‘तोकापू’ म्हणतात. नमुने मात्र दोन डझनांच्या आसपासच. तेच नमुने रंग बदलून पुन्हा पुन्हा येतात. ओळ लागतेय असं वाटेपर्यंत क्रम मोडतो.

ही लिपी आहे काय, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला त्या वादापेक्षा एक चौकोन जास्त ओढतो. त्यात काळ्या-पांढऱ्या चौकटी आहेत आणि वर गळ्याशी लाल त्रिकोण. नीट पाहिलं की लक्षात येतं, हा नुसता नमुना नाही, हाही एक अंगरखाच आहे! अंगरख्यावर विणलेला चिमुकला अंगरखा. असे खरे बुद्धिबळपटी अंगरखे इंकांकडे होते आणि आजही काही शिल्लक आहेत. 1532 च्या नोव्हेंबरात पेरूतल्या काहामार्काच्या चौकात इंका सम्राट अताहुआल्पाची मिरवणूक आली. स्पॅनिश स्वारीचा म्होरक्या पिझारो, त्याचा कारकून फ्रान्सिस्को दे हेरेस तिथे होता. त्याने लिहून ठेवलंय की सर्वांत पुढे बुद्धिबळाच्या पटासारख्या पोशाखातली माणसं होती, वाटेवरच्या काड्या वेचत आणि रस्ता झाडत. ज्याच्या अंगावर हा उंकू चढला असेल, त्याने ती सारी पलटण चिमुकल्या चौकोनांत छातीवर वागवली.

आता धाग्याकडे. संग्रहालयाची पाटी उंटाच्या कुळातल्या प्राण्याची लोकर आणि सूत, एवढंच सांगते. इंकांचं असं उंची कापड, ‘कुंबी’, अल्पाका आणि विकुन्याच्या लोकरीचं असे. दोघं सख्खे नातलग: पाळीव अल्पाका रानटी विकुन्यापासून आला, हे 2001 मध्ये डीएनए तपासून ठरलं. चार हजार मीटरच्या पठारावर दिवसा ऊन भाजतं आणि रात्री पाणी गोठतं. तिथे जगायला लागणारी ऊब या लोकरीत आहे. तंतूंमध्ये अडकलेली हवा ती धरून ठेवते. तंतूवरचे खवले मेंढीच्या लोकरीपेक्षा दबलेले असतात, म्हणून ती अंगाला कमी टोचते आणि प्रकाशात जरा चमकते. तेलकटपणा थोडा, त्यामुळे रंग छान चढतो. निवडुंगावरच्या किड्यांपासून केलेला इथला लाल पाच शतकांनंतरही विझलेला नाही. दोषही सांगितला पाहिजे. या लोकरीला लवचीकपणा कमी. तिचा सैल विणीचा स्वेटर वर्षभरात गुडघ्याकडे निघतो. कुंबीत हा दोष उरतच नाही, कारण ताण सोसायला आत सुताचा ताणा आहे. लोकरीचा बाणा त्यावर इतका दाबून बसवलेला की सूत कुठे दिसत नाही.

स्पॅनिश लोक सोनं शोधत आले. इंकांच्या कोठारांत मात्र कापडाच्या थप्प्या होत्या. सैनिकाला बक्षीस कापडाचं, जिंकलेल्या सरदाराला मान कापडाचा, आणि सूर्याला अर्पण म्हणून जाळायचं तेही कुंबीच. पाटीवर ‘सूत आणि लोकर’ वाचून पुढे सरकणाऱ्याला यातलं काय कळणार!

हीच जोडी तीन शतकांनी यॉर्कशायरमध्ये पुन्हा जमली. 1836 च्या सुमारास लिव्हरपूलच्या गोदामात कुणाला नकोशा झालेल्या अल्पाकाच्या गाठी टायटस सॉल्ट या तरुण गिरणीवाल्याने उचलल्या. ताणा सुताचा, बाणा अल्पाकाचा असं चकचकीत कापड त्याने काढलं आणि त्या पैशातून पुढे सॉल्टेअर नावाचं गावच वसवलं. विलायती गिरण्यांचं ते कापड आपल्याकडेही आलं. जुन्या मराठी लेखनात अल्पाकाचा काळा कोट घातलेले वकील आणि मास्तर भेटतात, ते त्याच घराण्यातले. पण हे कापड थानातून फाडलेलं, कात्रीने बेतलेलं.  पुढे पुढे शिंपी लोकरी कोटांच्या आत अस्तर म्हणून अल्पाकाच लावू लागले.