कातडी, कवटी आणि जाती

प्राण्यांचे वर्गीकरण हा धडा आपण बहुधा पाठांतराचा म्हणूनच शिकवतो. संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड फळ्यावर लिहिली की काम संपले. पण एखादी जात वेगळी आहे हे कोण, कशावरून ठरवतो आणि ती पद्धत कितपत भरवशाची आहे? हे तपासण्यासाठी वाळवंटातील जर्बिल या उंदरांचे उदाहरण चांगले आहे.

उत्तर आफ्रिकेपासून थरच्या वाळवंटापर्यंत जर्बिलच्या अनेक जाती आढळतात. बहुतेक जाती निशाचर, बिळात राहणाऱ्या, वाळूच्या रंगाच्या आणि दिसायला विलक्षण सारख्या. त्यांपैकी पुष्कळ जातींची वर्णने संग्रहालयातील नमुन्यांवरून लिहिली गेली. नमुना म्हणजे कापूस भरलेले कातडे, साफ केलेली कवटी आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी, आणि शरीर, शेपटी, मागचे पाऊल व कान यांची मापे असतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ओल्डफील्ड थॉमस (१८५८–१९२९) यांनी अशा सामग्रीवरून सस्तन प्राण्यांच्या दोन हजारांहून अधिक जाती-उपजातींना नावे दिली. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली सुरू केलेल्या सर्वेक्षणातील पुष्कळ नमुनेही तेथेच गेले.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे तिचा पुरावा जपलेला असतो. जातीचे नाव एका मूळ नमुन्याशी बांधलेले असते. शंका आली, तर शंभर वर्षांनीही कोणी तीच कवटी पुन्हा मोजू शकतो. काही लक्षणे वाळल्यावरही स्पष्ट राहतात. उदाहरणार्थ, ग्लेडोवी या छोट्या जर्बिलच्या मागच्या तळव्यांवर केस असतात. नानस या जातीचे तळवे उघडे असतात. पहिला भुसभुशीत वाळूत राहणारा, हे त्याचा तळवाच सुचवतो.

पण दोषही तितकेच खरे. केसांचा रंग अनेकदा जमिनीच्या रंगासारखा होतो. त्यामुळे फिके कातडे म्हणजे निराळी जात, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. कवटीवर कानाजवळ हाडाचा पोकळ फुगवटा असतो. हलके, खालच्या पट्टीतले आवाज टिपायला तो उपयोगी पडतो आणि कोरड्या प्रदेशातील प्राण्यांत तो मोठा असतो. साम्य नात्यामुळे आहे की सारख्या गरजेमुळे, हे मोजपट्टी सांगत नाही. प्राण्याचे वागणे तर खणात येतच नाही. भारतीय वाळवंटी जर्ड दिवसा वावरतो, तर भारतीय जर्बिल रात्री. दोघांच्या कातड्यांवर याची खूण नाही.

थॉमस यांनी १९०२ मध्ये लिबियातील एका जर्बिलला ताराबुली हे नाव दिले. पुढे त्याला इजिप्तच्या पिरॅमिडम या जातीतच जमा करण्यात आले. नंतर जिवंत प्राणी पकडून गुणसूत्रे मोजली गेली, तेव्हा पिरॅमिडममध्ये ३८ आणि ताराबुलीमध्ये ४० आढळली. बुडालेले नाव पुन्हा वर आले.

म्हणून कवटी टाकून फक्त गुणसूत्रे मोजावीत काय? तेही चूक होईल. गर्बिलस गर्बिलस या एकाच जातीत मादीची गुणसूत्रे ४२ आणि नराची ४३ असतात, कारण नरात दोन वाय गुणसूत्रे असतात. नुसता आकडा पाहणाऱ्याने एकाच बिळातल्या जोडप्याच्या दोन जाती केल्या असत्या! शिवाय ताराबुली हे नाव परत आणता आले, ते थॉमस यांचे वर्णन आणि नमुना हाताशी होता म्हणून. आज तर जुन्या वाळलेल्या कातडीच्या कणातूनही डीएनए मिळवता येतो.

आमच्या मते संग्रहालयाची पद्धत जुनी झाली, ही टीका रास्त नाही. थोड्या नमुन्यांवर मोठा निर्णय देणे आणि त्याला अंतिम मानणे, हा तिचा खरा दोष आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतही धूळ खाणारे नमुने असतात. त्यांतल्या किती बाटल्यांवर ठिकाण व तारीख आहे, हे मुलांना तपासायला सांगावे. ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही, तिच्यातला प्राणी कोठून आला हे आता कोणालाच सांगता येणार नाही. वर्गीकरणाचा धडा तेथून सुरू करता येईल.